घरच्या सॉकेटवर इलेक्ट्रिक गाडी चार्ज करताना: बोर्डापासून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत

‘या सॉकेटवर दहा वर्षं गिझर चालला, मग गाडी का नाही चालणार?’ हा प्रश्न बरोबर वाटतो, पण गिझर पंधरा-वीस मिनिटं चालतो आणि पाणी तापलं की आपोआप बंद होतो. कार रात्री दहाला लावली की सकाळी सातपर्यंत एकसारखे १३ अँपिअर ओढत राहते आणि सॉकेटला निवायला उसंतच मिळत नाही.

त्यात नेमकं काय होतं ते आकड्यांत पाहू. सॉकेटची आतली पत्ती सैल झाली किंवा मागचा स्क्रू नीट आवळलेला नसला, तर तिथे ०.१ ओहमचा अडथळा सहज तयार होतो. १३ गुणिले १३ गुणिले ०.१ म्हणजे जवळपास १७ वॅट उष्णता, तीही हरभऱ्याएवढ्या जागेत. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, यावरून अंदाज घ्या. त्याच वेळी भिंतीतल्या ३० मीटर अडीचच्या (अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरमध्ये ८० वॅट उष्णता तयार होत असते, पण ती ३० मीटरभर पसरते आणि वायर जेमतेम कोमट होते. जळतो तो सांधा. आणि एमसीबीला (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचला) यातलं काहीच कळत नाही, कारण त्याच्यातून १३ अँपिअरच जात असतात. १६ अँपिअरचा एमसीबी तर १८ अँपिअरसुद्धा तासभर मुकाट्यानं सोसतो.

गाडी किती ओढते ते आधी पाहा

चार्जरच्या मागच्या लेबलवर ‘इनपुट’ असं लिहिलेल्या ओळीत अँपिअर किंवा वॅट दिलेले असतात. घरगुती स्कूटरचे चार्जर साधारण ६०० ते १००० वॅटचे, म्हणजे तीन ते साडेचार अँपिअरचे. वरच्याच ०.१ ओहमच्या सांध्यात इतक्या करंटला एक-दोन वॅट उष्णता होते. त्यामुळे स्कूटरसाठी धडधाकट सॉकेट पुरतं, तिथे खरी काळजी अर्थिंगची आणि गाडी लावायच्या जागेची. कारसोबत येणारा पोर्टेबल चार्जर मात्र तीन किलोवॅटच्या आसपासचा असतो. ४० युनिटची बॅटरी २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायची तर बॅटरीत २४ युनिट जावे लागतात, वाटेतली गळती धरून भिंतीतून सुमारे २७. तीन किलोवॅटनं त्याला नऊ तास लागतात. या लेखातला बराचसा भाग या नऊ तासांसाठी आहे.

बिलावरचा ‘मंजूर भार’ही बघून ठेवा. दोन-तीन किलोवॅटच्या मंजूर भारावर एसी, गिझर आणि कार एकदम चालवली तर मीटरपासून मेन स्विचपर्यंतची वायर रोज तिच्या ताकदीबाहेर राबते. घरच्या कनेक्शनवर स्वतःची गाडी चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुभा आहे, त्यासाठी वेगळं मीटर सक्तीचं नाही. भार कमी पडत असेल तर महावितरणकडे वाढवून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो.

त्या सॉकेटची वायर कुठून येते?

डीबीतला, म्हणजे सगळे एमसीबी असलेल्या पेटीतला, तो एमसीबी पाडा आणि घरभर फिरा. फक्त तेच सॉकेट बंद झालं तर उत्तम. स्वयंपाकघरातला मिक्सर, हॉलमधला कूलर आणि बाथरूमचा गिझरही बंद पडला, तर एकाच वायरवर सगळ्यांची माळ ओवलेली आहे. अशा सॉकेटवर स्कूटर चालेल, कार नको. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत चार्जिंगसाठी स्वतंत्र भाग आहे आणि त्यातली पहिली महत्त्वाची अट हीच: प्रत्येक चार्जिंग पॉइंटला डीबीपासून स्वतःचं वेगळं सर्किट हवं.

मग मेन बंद करून वायरमनकडून बोर्ड उघडून घ्या आणि आत डोकावा. तांब्याची अडीचची वायर दिसली तर कारसाठी ती किमान पातळी. दीडची किंवा एकची असेल तर तिथेच थांबा. नागपुरात इतवारी, महाल, गांधीबागेतल्या जुन्या घरांत लाकडी पट्टीवरची अॅल्युमिनियमची वायर आणि चिनी मातीचे किटकॅट फ्यूज अजून सापडतात. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घातलेली असते, आणि कधीतरी अॅल्युमिनियमला तांब्याची वायर पीळ देऊन जोडून वर टेप गुंडाळलेली असते. या दोन धातूंच्या सांध्यावर ऑक्साइड चढत जातो आणि अडथळा दरवर्षी वाढतो. अशा घरात जुन्या वायरिंगची डागडुजी करत बसू नका. मीटरपासून नवी लाइन ओढणं स्वस्त पडतं, निदान मनस्ताप तरी वाचतो.

अंतराचा हिशेब असा: १३ अँपिअरसाठी ३० मीटरपर्यंत अडीचची वायर चालते, कारण तेवढ्या अंतरात सहा-सात व्होल्ट कमी होतात आणि ते खपून जातं. त्यापुढे ५० मीटरपर्यंत चारची, त्याहून लांब असेल तर सहाची. नवीनच ओढायची असेल तर अंतर कमी असलं तरी चारचीच घाला. फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही एकाच जाडीच्या हव्यात. हिरव्या वायरीत काटकसर करायची सवय फार जुनी आहे, म्हणून हे मुद्दाम तपासा.

सॉकेट

तीन-चार देशांचे प्लग बसतील असं भोकांचं युनिव्हर्सल सॉकेट चार्जिंगला वापरू नका, त्यात कुठल्याच पिनेला पत्ती घट्ट धरत नाही. आयएसआय मार्क असलेलं, शटरचं १६ अँपिअरचं सॉकेट घ्या. नव्या सॉकेटमधून प्लग ओढताना थोडा जोर लागला पाहिजे. चार्जिंग चालू असताना प्लग स्वतःच्या वजनानं खाली झुकत असेल तर ते सॉकेट बाद समजा.

वजनावरून एक गोष्ट. कारच्या पोर्टेबल चार्जरच्या केबलमध्ये विटेएवढा कंट्रोल बॉक्स असतो. तो हवेत लोंबकळत ठेवला की सगळा भार प्लगवर येतो, वरच्या अर्थ पिनेची पकड ढिली होते आणि खालच्या पिना तिरप्या बसतात. शेजारी भिंतीत एक हूक ठोका आणि बॉक्स त्यावर टांगा. दहा रुपयांचं काम आहे, पण सॉकेटचं आयुष्य यावर ठरतं.

मागच्या जोडणीत वायरमनला तीन गोष्टी बजावून सांगा. वायरीच्या तारा भोकात मावत नाहीत म्हणून चार-पाच तारा छाटायच्या नाहीत. प्रत्येक टोकाला लग किंवा फेरुल (तारा एकत्र धरणारी धातूची टोपी) दाबायचं. आणि त्या टर्मिनलवरून पुढच्या बोर्डाला वायर न्यायची नाही. महिनाभरानं मेन बंद करून सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळून घ्यायचे. तांबं तापून-निवून दबतं, त्यामुळे पहिल्या महिन्यात हमखास पाव फेरा तरी फिरतो.

सहा अँपिअरच्या सॉकेटवर सोळाचा प्लग बसवणारे कन्व्हर्टर बाजारात मिळतात. स्कूटरलाही ते लावू नका.

अर्थिंग: नागपुरात इथेच गाडी अडते

कारचा चार्जर लावला आणि लाल दिवा लागून अर्थ फॉल्ट दाखवू लागला, की दोष बहुतेक घराच्या अर्थिंगचा असतो, चार्जरचा क्वचितच. उन्हाळ्यात ओल्या हातानं कूलरच्या पत्र्याला स्पर्श झाला की झिणझिण्या येतात, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. पायाखाली पाट ठेवून वर्षानुवर्षं निभावून नेलेलं ते दुखणं आणि चार्जरचा लाल दिवा यांचं मूळ एकच.

पश्चिमेकडच्या काळ्या मातीच्या भागात याला ऋतूही असतो. पावसाळ्यात खड्डा ओला असतो, अर्थिंग छान दाखवतं. एप्रिल-मेमध्ये जमिनीला भेगा पडतात, माती पाइपापासून सुटते आणि जानेवारीत तीन ओहम असलेला खड्डा नवतपात (मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत) वीस ओहमवर गेलेला असू शकतो. अर्थिंगची तपासणी करायची तर मे महिन्यात करा, जुलैतल्या आकड्यावर विसंबू नका.

वीस ओहमचा अर्थ काय? गाडीच्या बॉडीला फेज लागला तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. सोळाचा एमसीबी यावर कधीच पडणार नाही, आणि गाडीची बॉडी सकाळपर्यंत जिवंत राहील. पाच ओहम असतील तर ४६ अँपिअर जातील आणि एमसीबी मिनिटाच्या आत पडेल. घरगुती खड्डा पाच ओहमच्या आत असावा असं वायरमन म्हणतात ते यासाठी.

मल्टिमीटरनं प्राथमिक अंदाज येतो. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तितकंच, आणि न्यूट्रल-अर्थ एक ते तीन व्होल्ट, असं असलं तर ठीक. न्यूट्रल-अर्थ पाचच्या वर गेलं तर शंका घ्या. पण या आकड्यांनी अर्थिंगची ताकद सिद्ध होत नाही, कारण मल्टिमीटर जवळजवळ करंटच घेत नाही. कमजोर अर्थिंगवरही तो २२५ दाखवून मोकळा होतो. खरा आकडा अर्थ टेस्टरनं येतो, तो वापरणाऱ्यालाच बोलवा. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघायची पद्धत घरी करू नका. अर्थिंग कच्चं असेल आणि घरात आरसीसीबी (करंटची गळती दिसली की वीज तोडणारा स्विच, पुढे पाहू) नसेल, तर त्या क्षणी फ्रिज, कूलर, गिझर अशा सगळ्यांच्या पत्र्यावर व्होल्टेज चढतं.

आणि न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य दिसलं, भार असतानाही हललं नाही, तर बोर्ड उघडायला लावा. चार्जरचा लाल दिवा विझावा म्हणून अर्थच्या पिनेला न्यूट्रलचा तुकडा जोडून देणारे लोक आहेत. दिवा विझतो, चार्जिंग सुरू होतं, सगळे खूश. पुढे कधी न्यूट्रल मागे कुठेतरी तुटला की गाडीच्या बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. असा तुकडा दिसला तर तो काढल्याशिवाय गाडी लावायची नाही.

नवा खड्डा करायचा तर ४० मिमी व्यासाचा, अडीच मीटर लांब जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळं. रासायनिक अर्थिंगमध्ये मिठाऐवजी बेंटोनाइट या चिकणमातीचं मिश्रण असतं, ते ओल जास्त धरून ठेवतं आणि पाइपही लवकर गंजत नाही, म्हणून काळ्या मातीत तेच बरं. कोणतंही केलं तरी मार्च ते जून दर आठवड्याला एक बादली पाणी खड्ड्यात गेलं पाहिजे. कूलर भरताना तीही भरायची सवय लावा.

आरसीसीबी

वर पाहिलेल्या वीस ओहमच्या घरातही माणूस वाचवणारी वस्तू ही. जाणारा आणि परतणारा करंट ती तोलत राहते आणि ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की तोडते. खरेदी करताना तिच्यावरचे आकडे वाचा. २ पोल, २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअर. मीटरजवळ बसवलेली १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची असेल तर ती आगीपासून बचावापुरती, माणसासाठी नाही.

टाइपही तपासा, कारण दुकानात न विचारता एसी टाइप हातात पडतो. त्याच्यावर चौकटीत फक्त एक लाट काढलेली असते. चार्जरमध्ये एसीचं डीसी करणारं सर्किट असतं. त्यातून होणारी गळती अर्ध्या लाटांची असू शकते आणि एसी टाइपला ती नीट दिसत नाही. ‘ए’ टाइप घ्या. त्याच्यावर लाटेखाली दोन अर्धगोल उंचवटे काढलेले असतात. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा, खटका पडला नाही तर बदला.

आरसीसीबी ओव्हरलोडवर पडत नाही, तिच्यासोबत एमसीबी लागतोच. दोन्ही कामं एकात हवी असतील तर आरसीबीओ मिळतो. आणि बसवल्याबरोबर ती सारखी पडू लागली तर तिला दोष देण्याआधी घरच्या इन्व्हर्टरचा न्यूट्रल तपासा. तो दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असतो आणि हिशेब जुळत नाही. वायरमन मग ‘मशीनच खराब आहे’ म्हणून ती काढून टाकतात. तसं करू देऊ नका.

मे महिन्यातला एमसीबी

एमसीबीवरचा १६ हा आकडा ३० अंशांसाठी असतो. पश्चिमेच्या भिंतीवरच्या पत्र्याच्या डीबीत, बाहेर ४५ असताना आत ५० च्या वर जातं, आणि तोच एमसीबी १३-१४ च्या आसपासच तापून पडायला लागतो. रात्री दहा वाजता लावलेली कार साडेबारालाच बंद पडलेली सकाळी दिसते. यावर २५ किंवा ३२ चा एमसीबी टाकणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय. अडीचच्या वायरीवर १६ च ठेवा आणि चार्जरमध्ये करंट कमी करायची सोय असेल तर १० अँपिअरवर आणा, उष्णता थेट चाळीस टक्क्यांनी उतरते. वायर चारची असेल तर २० चा एमसीबी चालतो. डीबीला सावली करता आली तर उत्तमच.

फ्लॅट स्कीममध्ये

बेसा, मनीषनगर, त्रिमूर्तीनगरकडच्या फ्लॅट स्कीममध्ये फ्लॅट वर आणि गाडी खाली, त्यामुळे दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून सोडलेली एक्स्टेंशनची वायर हा नेहमीचा देखावा. अशा वायरीत बहुधा पाऊण किंवा एक एमएमचं तांबं असतं. वरून ती रिळावर गुंडाळलेली राहिली तर आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि प्लास्टिक मऊ होऊन वेढे एकमेकांना चिकटतात. सुरक्षा नियमांत एक्स्टेंशन कॉर्ड लावून चार्जिंग करायला मनाईच आहे. पार्किंगच्या दिव्याच्या वायरीला जोडून घेतलेलं सॉकेटही तसंच धोक्याचं, ती वायर दिव्यापुरतीच असते.

रीतसर काम असं होतं: सोसायटीचं लेखी पत्र घ्या. मीटर रूममधल्या आपल्या मीटरनंतरच्या मेनवरून फाटा काढा. तिथेच छोट्या पेटीत एमसीबी आणि ए टाइप आरसीसीबी बसवा. तिथून आपल्या जागेपर्यंत तीन कोअरची चारची आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल किंवा जाड पाइपातून वायर आणा. शेवटी झाकणाच्या वॉटरप्रूफ पेटीत सॉकेट. नियमानुसार सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिमी उंच हवं. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. सखल भागात असाल तर आणखी उंच, दीड मीटरवर घ्या. पाण्यात बुडालेली गाडी किंवा सॉकेट वाळल्यासारखं दिसलं तरी तपासणीशिवाय जोडायचं नाही.

पहिलं चार्जिंग: तासभर बाजूला थांबा

सॉकेटचं बटण बंद. प्लग पूर्ण आत. बटण चालू, चार्जरचे दिवे हिरवे झाले की मग गन (केबलचं गाडीत बसणारं टोक) गाडीला. काढताना उलट क्रम: आधी गाडीतून चार्जिंग थांबवून गन काढा, मग बटण, मग प्लग. चालू करंटमध्ये प्लग ओढला की ठिणगी पडते, पिनेवर काळा डाग येतो आणि पुढच्या वेळी तोच डाग अडथळा बनतो.

अर्ध्या तासानं प्लगच्या पाठीला हाताची मागची बाजू लावा, तासानं पुन्हा. कोमट चालेल. हात टिकत नसेल तर बंद करा. उन्हाळ्यात भिंतच तापलेली असते, म्हणून शेजारच्या रिकाम्या सॉकेटला हात लावून तुलना करा. मग बटण बंद करून प्लग काढा आणि पिना बघा. तीनपैकी एकच पिन जास्त गरम असेल तर त्या बाजूची पत्ती किंवा स्क्रू सैल आहे. त्याच बोर्डावर प्लगमध्ये बसणारा व्होल्टमीटर लावला तर आणखी एक गोष्ट कळते. चार्जिंग सुरू होताच व्होल्टेज दहापेक्षा जास्त उतरलं, आणि मीटरजवळ तेवढं उतरलं नसेल, तर दोष मधल्या वायरीत किंवा सांध्यात आहे.

स्कूटर, सुटी बॅटरी आणि ई-रिक्षा

अरुंद घरात बाहेर पडायची वाट एकच असते आणि स्कूटर नेमकी तिथेच चार्जिंगला लागते. जिन्याखाली, मीटरच्या पेटीसमोर, दाराच्या आत लावू नका. लिथियम बॅटरी पेटली तर धुरामुळे ती वाट काही सेकंदांत बंद होते. सुटी बॅटरी घरात आणत असाल तर फरशीवर ठेवा, गादी-सोफ्यावर नाही. चार्जर सीटवर किंवा कापडाखाली ठेवू नका, त्याच्या पंख्याला हवा लागते. दुपारच्या उन्हातून आल्यावर बॅटरी तासभर निवू द्या, मगच लावा.

ई-रिक्षाच्या लेड-अॅसिड बॅटऱ्यांचा धोका निराळा. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात त्यातून हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरे. बंद खोलीत चार-चार बॅटऱ्या चार्ज करू नका. वर झरोका हवा, कारण हा वायू छताशी जमतो. आणि आधी चार्जरचं बटण बंद करायचं, मगच बॅटरीचे चिमटे काढायचे. ठिणगी नेमकी तिथेच पडते.

विजा कडाडत असतील तर प्लग काढून ठेवा.

जळकट वास आला तर

तापलेल्या बोर्डाचा वास पुष्कळदा कुजक्या मासळीसारखा येतो. स्वयंपाकघरात शोधत बसू नका. सॉकेटच्या बटणाला हात न लावता डीबीतला एमसीबी पाडा, मगच जवळ जा. ज्वाळा असतील तर पाणी नको, पावडरचा किंवा सीओटू सिलिंडर वापरा. गाडीची बॅटरीच धुमसत असेल, शिट्टीसारखा आवाज किंवा पांढरा धूर येत असेल, तर विझवायच्या भानगडीत न पडता सगळ्यांना बाहेर काढा, जमल्यास लांबून मेन पाडा आणि १०१ वर फोन करून ‘इलेक्ट्रिक गाडी आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

फक्त सॉकेट जळलं असेल तर दुसऱ्या दिवशी नवं बसवून पुन्हा गाडी लावायची घाई होते. आधी चार्जरच्या प्लगची पिन बघा. ती काळी-निळी पडलेली किंवा खरबरीत झालेली असेल तर तिनं नव्या सॉकेटची पत्तीही महिन्याभरात तशीच होणार. प्लग बदलून घ्या, तोही गाडीच्या सर्व्हिस सेंटरकडूनच, कारण अनेक चार्जरच्या प्लगमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो आणि बाहेरचा प्लग लावला की तो जातो. मागची वायरही जिथपर्यंत कडक आणि काळपट झाली आहे तिथपर्यंत कापून, चकचकीत तांबं दिसल्यावरच नवं लग दाबायचं.